मुलांना घेऊन आयर्लंडच्या खेड्यात

लहान मुलांना घेऊन परमुलखात प्रवासाला जावे की जाऊ नये, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, अवश्य जावे; मात्र कार्यक्रमाचा कागद घरीच ठेवून जावे. हे शहाणपण मला आयर्लंडमधल्या एका खेड्यात सहा दिवस राहून आले, आणि तेही थोडे उशिराच.

माझा मेहुणा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे शहरात नोकरीला आहे. त्याच्या आग्रहामुळे आम्ही मे महिन्याच्या सुटीत तिकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, सौ., आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. गॉलवेच्या दक्षिणेस क्लेअर नावाचा जिल्हा आहे. तिथे बॅलीव्हॉन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी पडलो इतिहासाचा मास्तर. सहा दिवसांत पाहायच्या चौदा स्थळांची वेळापत्रकासह यादी खिशात होती.

आयर्लंड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे हिरवीगार कुरणे येत असतील. क्लेअरचा हा भाग मात्र तसा नाही. त्याला बरेन म्हणतात आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘खडकाळ जागा’. मैलोगणती करड्या चुनखडीची फरशी पसरलेली, डोंगरही तसेच उघडेबोडके, आणि जिकडेतिकडे दगडावर दगड रचून केलेले गडगे. पहिल्या दिवशी सौ. म्हणाली, “अहो, एवढे दगड पाहायला इतक्या लांब आलो होय? आपल्या माण तालुक्यात काय कमी होते?” सातारा जिल्ह्यातला माण हा आमचा मूळ मुलूख, आणि तिथे पावसापेक्षा दगडच जास्त!

मुलांनी माझ्या यादीचा पहिल्याच सकाळी निकाल लावला. त्या फरशीला लांबच लांब भेगा आहेत. आठ वाजता निघायचे ठरलेले, तर दोघे पोटावर पालथी पडून भेगांत डोकावत बसली. अकरा वाजले तरी उठेनात. रागावण्यासाठी मी वाकलो, आणि मलाही उठवेना. आत नेचे होते, वर कडेला गर्द निळी फुले होती. बोटाच्या पेराएवढी, पण निळाई अशी की मोरपीस फिके पडावे. जेन्शियन नावाची ही फुले एरवी थंड पर्वतांवर आढळतात.

या फुलांमागचे गुपित घराच्या मालकीणबाईंनी सांगितले. इतरत्र बहुधा उन्हाळ्यात गुरे डोंगरावर नेतात, तर बरेनमध्ये ती हिवाळ्यात वर नेतात. उन्हाळ्यात तापलेली चुनखडी ऊब धरून ठेवते, पायांखाली चिखल होत नाही. तिथले रानगवत गुरे हिवाळाभर खातात आणि वसंतात खाली येतात. राठ गवत निघून गेले की इवल्याशा फुलांना ऊन मिळते. म्हणजे ज्याला आपण रानफूल म्हणतो, ते शेतकऱ्याच्या आणि गाईच्या कष्टाचे फूल! गाईवरून आठवले. आयरिश भाषेत गाईला ‘बो’ म्हणतात. आपले ‘गो’ आणि त्यांचे ‘बो’ ही एकाच प्राचीन शब्दाची लेकरे आहेत. रस्त्याला तिथे ‘बोहर’ म्हणतात, तोही याच गाईवरून आलेला. एक गाय उभी आणि एक आडवी मावेल तेवढी रस्त्याची रुंदी, असे त्यांचे जुने माप. मुलीने हे ऐकल्यावर पुढचे दोन दिवस प्रत्येक गल्ली गाईंच्या मापाने मोजली.

आईबापांना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी मध्येच सांगून टाकतो. पाऊस दिवसातून चार वेळा येतो आणि चार वेळा जातो. तेव्हा छत्रीच्या भानगडीत न पडता मुलांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्यावेत. दुसरे असे की मेअखेरीस तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. “बाबा, अजून दिवस आहे,” असे म्हणून मुले झोपायला तयार होत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे खोटे असते असेही नाही. खाण्याची मात्र चिंता नव्हती. धाकटा तिन्ही त्रिकाळ उकडलेला बटाटा आणि लोणी खाऊन खूश होता.

चौथ्या दिवशी यादीतले मोहेरचे कडे पाहायला निघालो. समुद्रातून दोनशे मीटरांहून उंच उठलेले हे कडे खरोखरच भव्य आहेत. परंतु वाऱ्यामुळे धाकट्याला उचलूनच धरावे लागले आणि अर्ध्या तासात आम्ही परत फिरलो. वाटेत त्याला गाडी लागली. लहिंच आणि एनिस्टायमन या गावांच्या दरम्यान रस्त्याकडेला गाडी उभी केली. त्याचे तोंड धुऊन वर पाहतो, तो समोर एक स्मारक. माझ्या चौदा स्थळांत ते नव्हते.

एक बंद दार, आणि दारापुढे उभा एक लहान मुलगा. त्याच्यासमोर एका आईचा व्याकूळ चेहरा आणि आवळलेल्या मुठी. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि पाठोपाठ दुष्काळ आला, त्याचे हे स्मारक १९९५ मध्ये उभारलेले आहे. निराश्रितांना ठेवण्यासाठी तेव्हा सरकारी वर्कहाउसे असत. तसले एक इथे होते. १८४८ च्या फेब्रुवारीत त्याच्या दाराशी लहिंच गावचा एक मुलगा आणून उभा केला होता. सदऱ्याला चिठ्ठी टाचलेली: बाप गेल्या वर्षी वारला, आई बुधवारी रात्री गेली, याला आत घेतले नाही तर उपासमारीने मरेल. वय सुमारे चार वर्षे.

माझ्या कडेवरचा मुलगाही चारच वर्षांचा होता. तो खाली उतरला. “त्याला दार का उघडत नाहीत?” असे म्हणाला आणि पुढे जाऊन स्वतःच त्या दारावर मूठ आपटू लागला. त्याला ओढून आणावेसे मला वाटेना.

मुलीने विचारले, “बटाटे नासले, तर लोकांनी दुसरं काही का नाही खाल्लं?”

वाचकहो, हाच प्रश्न मी दर वर्षी वर्गात घालतो. गरिबाकडे जमिनीचा तुकडाच एवढासा, की त्यावर फक्त बटाट्यानेच पोट भरे. देशात ओट पिकत होते, लोणी होते, गुरे होती. पण ती खंडापायी विकावी लागत आणि दुष्काळातही जहाजांतून बाहेर जात. सरकारने रस्त्यांची आणि खडी फोडण्याची कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. मग ती कामे बंद केली आणि सार्वजनिक मुदपाकखाने उघडले. जुलैत दररोज सुमारे तीस लाख लोक तिथे जेवत होते. तेही थोड्या महिन्यांत आवरते घेतले. १८४१ साली या देशाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ साली ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. हे सगळे मी मुलीला सोपे करून सांगू लागलो. खडीपाशी आलो, तोच ती म्हणाली, “म्हणजे आजीसारखी?”

मी विचारले, “तुला कोणी सांगितलं?”

“आजीनंच. रात्री गोष्ट सांगते तेव्हा. दगड फोडताना कपची उडून तिच्या हाताला लागली होती. अजून खूण आहे.”

१९७२ च्या दुष्काळात माझी आई सोळा वर्षांची होती. ती कामावर जात असे एवढे मला ठाऊक होते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, हा आकडा मला तोंडपाठ आहे. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, हे मी परीक्षेला विचारतो. पण त्या पन्नास लाखांतल्या एकीच्या हातावर खूण आहे, हे माझ्या मुलीला माहीत होते आणि मला नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

उरलेले दोन दिवस यादी खिशातून काढली नाही. मुलीने आजीसाठी एक करडा दगड उचलून आणला होता. मालकीणबाई तिला म्हणाल्या, “जिथला तिथे ठेव हं बाळ. प्रत्येकाने एकेक नेला, तर इथे काय राहील?” आम्ही चौघे परत चालत गेलो आणि तो होता तिथेच ठेवून आलो.

घरी आल्यावर मी आईजवळ बसलो आणि तिला तिकडची हकीकत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. फुलांचे नाही, कड्यांचे नाही, तिने विचारले ते एवढेच, “त्येंचा पगार येळंवर व्हायचा का रं?”

मी म्हणालो, “नाही. पुष्कळदा उशीर व्हायचा.”

“मग मेलीच असतील मान्सं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने सुकडीचे सांगितले. कामावर सुकडी मिळे, ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून धाकट्या भावंडांना आणायची. हात पुढे केला आणि खूण दाखवली. मुलगी म्हणाली, “बघा, मी सांगितलं होतं ना?”

तेव्हा सांगायचे ते इतकेच. मुलांना घेऊन जरूर जा. ती तुम्हाला चौदातली दहा स्थळे पाहू देणार नाहीत. त्यांना गाडी लागेल आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी थांबाल. थांबा. आणि घरी परतल्यावर, घरात कोणी वडीलधारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा. मी पंचेचाळीस वर्षे थांबलो. तुम्ही थांबू नका.