वसतिगृहातील अखेरचा महिना

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र प्रामुख्याने एका खोलीविषयी बोलणार आहे. ती खोली येथून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर होती. तिच्यात तीन खाटा होत्या, एक खिडकी होती आणि पंखा नव्हता. १९७७-७८ साली शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी कमलनगरजवळच्या एका खेड्यातून मी या शहरात आलो, तेव्हा माझा मुक्काम त्या खोलीत होता. पंखा या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात होता. माझ्या वाचनप्रेमाचा उगम तेथे आहे, हे आज पन्नासएक वर्षांनी कबूल करावयास हरकत नाही.

आमच्या भागातल्या मुलांना शिक्षणासाठी दुसऱ्यांच्या छपराखाली राहण्याची सवय फार जुनी आहे. बिदरला महमूद गवानाने १४७२ साली बांधून पुरा केलेला मदरसा आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याच्याकडे आपण इमारत म्हणून पाहतो, त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरश्यांचे कौतुक करतो. पण त्या इमारतीत विद्यार्थ्यांना राहण्यासाठी छत्तीस खोल्या होत्या, अध्यापकांचे बिऱ्हाड होते आणि तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय होते, असे सांगतात. म्हणजे आजच्या भाषेत निवासी महाविद्यालयच ते. ज्याने ते उभारले त्या गवानाला १४८१ साली त्याच्याच सुलतानाच्या हुकुमाने मारण्यात आले. पुढे मला या विषयाकडे परत यावयाचे आहे, म्हणून येथे एवढेच.

मधल्या काळात मठ होते, देवस्थाने होती, आणि वार लावून जेवू घालणारी घरे होती. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांचे नाव आमच्याकडे मराठी घरांतूनही आदराने घेतले जाते. ते मूळचे कमलनगरचे. निजामी अमलात त्यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नडचे वर्ग चालविले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या आश्रयाला राहिलेली मुले पुढे शिक्षक झाली, वकील झाली. देवरू १९९९ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर लिंगैक्य झाले. मराठी ग्रंथालयाच्या समारंभात कन्नडसाठी झटलेल्या माणसाचे नाव मी हेतुपूर्वक घेतो. उर्दूच्या पाटीमागे स्वतःची भाषा शिकण्याची पाळी त्या काळात आपणा दोघांवरही आली होती.

आणि वसतिगृहातले अखेरचे महिने म्हटले की १९३८ साल आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. ठिणगी हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत गेली, आणि येथे गुलबर्ग्याच्या इंटरमीजिएट कॉलेजातही आली. शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. परीक्षा काही महिन्यांवर आलेली, घरी वडील सावकाराचे देणे अंगावर घेऊन बसलेले, आणि माफीपत्र लिहून दिले तर परत घेऊ असा निरोप. पुष्कळांनी ते लिहून दिले नाही. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले म्हणून त्यांचे शिक्षण तडीस गेले. त्या पिढीतले एक गृहस्थ माझ्या विद्यार्थिदशेत या वाचनकक्षात रोज संध्याकाळी येत. एकदा मी त्यांना त्या दिवसांविषयी विचारले. म्हणाले, "सामान बांधायला वेळ लागला नाही. सामानच नव्हते." एवढेच बोलून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र समोर धरले.

आमच्या खोलीवर असा कोणताही इतिहास घडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. काही भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. आमच्या गावाहून उदगीर जवळ, रेल्वेने तर अगदी हाकेच्या अंतरावर. पण शिकण्याची वाट बदलली. उदगीरकडची मुले औरंगाबादच्या विद्यापीठाकडे पाहू लागली आणि आम्ही गुलबर्ग्याकडे. गुलबर्गा विद्यापीठ १९८० मध्ये झाले. आमच्या वेळी येथील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. बिदर-कलबुर्गी रेल्वे तर २०१७ साली सुरू झाली. आम्ही भालकी, हुमनाबाद करीत एस. टी.च्या टपावर ट्रंक टाकून येत असू.

खोलीत आम्ही तिघे. एक अफझलपूर तालुक्यातला, घरची भाषा कन्नड. दुसरा खास बिदर शहरातला, घरची भाषा उर्दू. तिसरा मी. रात्री गप्पा तिन्ही भाषांतून चालत, आणि कोणत्या वाक्यात कोणती भाषा केव्हा शिरली याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. मेसमध्ये तुरीची डाळ, कडक भाकरी, शेंगांची चटणी. रविवारी भरली वांगी. अफझलपूरकराच्या घरून महिन्याकाठी कडक भाकऱ्यांची गाठोडी येई. ती आम्ही डाळीत बुडवून आठ-आठ दिवस पुरवीत असू. मार्च उजाडला की खोलीत झोपणे अशक्य होई. मग सारे वसतिगृह सतरंज्या घेऊन गच्चीवर. होळीनंतरच्या पंचमीला शरणबसवेश्वरांचा रथ निघतो. त्या वर्षी तो पाहून आम्ही परतलो तेव्हा सूचनाफलकावर वार्षिक पाठांचे वेळापत्रक लागलेले होते.

वार्षिक पाठ म्हणजे काय, हे आजच्या तरुण शिक्षकांना सांगावे लागेल. वर्षभर आम्ही शहरातल्या शाळांतून सरावाचे पाठ घेतलेले असत. पण अखेरचे दोन पाठ बाहेरच्या परीक्षकांसमोर. पाठाचे टाचण हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे: प्रस्तावना, हेतुकथन आणि पुढच्या पायऱ्या. वहीवर रेघा मारून रकाने: मुद्दा, शिक्षकाची कृती, प्रश्न, अपेक्षित उत्तर, फळालेखन. सारी हुशारी त्या रकान्यांत. कोणत्या मिनिटाला मूल काय म्हणेल तेही आम्ही आधीच लिहून ठेवीत असू.

माझा इतिहासाचा पाठ सातवीच्या मराठी वर्गावर होता. विषय मी महमूद गवान घेतला. बिदरकर मित्राने दोन रात्री जागून मदरशाचे मोठे चित्र ड्रॉइंगच्या कागदावर काढले. संदर्भासाठी मी या ग्रंथालयातून तीन पुस्तके नेली. त्या वेळचे ग्रंथपाल कडक होते. परीक्षेच्या महिन्यात एकाला एकच पुस्तक, असा नियम. मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी नियम बाजूला ठेवला आणि उलट मलाच विचारले, "मराठीत शिकवणार ना? मग नीट मराठीत शिकवा." ते वाक्य मी फारच मनावर घेतले.

आमची बोली आपणास ठाऊक आहे. 'काय करूलालास', 'कुठं जाऊलालास'. या बोलीची मला त्या काळी लाज वाटे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतले मराठी तेच खरे, आणि आपले ते सीमेवर भिजून फुगलेले, अशी माझी पक्की समजूत होती. पाठाची वाक्ये मी गच्चीवर रात्री मोठ्याने घोकीत असे. अफझलपूरकर अंधारातून विचारी, "मास्तर, कोणाशी बोलायलेत?"

पाठाच्या दिवशी शाळा सकाळची होती. परीक्षक धारवाडकडचे, मराठी उत्तम जाणणारे. चित्र टांगले. प्रस्तावना सुरळीत झाली. मदरशाच्या समोरच्या दोन मनोऱ्यांपैकी आज एकच उभा आहे. मी मुलांना विचारले, "या चित्रात काय उणे दिसते?" उत्तर आले, "एक मनोरा नाही." मग टाचणाप्रमाणे दुसरा प्रश्न: "तो कशामुळे पडला असेल?" या प्रश्नाला उत्तर येणार नाही, क्षणभर शांतता होईल आणि मग मी गंभीर आवाजात स्फोटाची हकिकत सांगेन, अशी योजना होती. तो माझ्या पाठाचा कळस होता.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. उभा राहून एका दमात म्हणाला, "आत बारूद ठिवलते गुरूजी. ईज पडली न् उडून गेलं."

उत्तर बरोबर होते. औरंगजेबाच्या अमलात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तेथे दारूगोळा साठविलेला होता आणि त्याच्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. वीज पडून तो झाला, असे मानतात. मुलाचे आजोळ बिदरचे होते, हे मला मागाहून कळले. त्याने हे पुस्तकातून नव्हे, आजीकडून ऐकले होते. माझ्या जवळच्या तिन्ही पुस्तकांतील मजकूर त्याने दोन वाक्यांत सांगून टाकला. आणि मी काय केले? मी म्हणालो, "'ठिवलते' नव्हे, 'ठेवली होती'. 'ईज' नव्हे, 'वीज'. नीट वाक्यात सांग." वर्ग हसला. मुलाने दोन्ही वाक्ये दुरुस्त करून म्हटली आणि तो खाली बसला. मग मी गंभीर आवाजात तीच हकिकत साऱ्या वर्गाला पुन्हा सांगितली. उरलेल्या पाठात त्याचा हात वर आला नाही.

परीक्षकांनी शेऱ्यात भाषाशुद्धीकडे लक्ष दिल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गुण चांगले मिळाले. ते खोटे नव्हते. रकाने सारे भरले होते.

रात्री गच्चीवर मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. बिदरकर हसला. अफझलपूरकर हसला नाही. त्याचा स्वतःचा पाठ दुसऱ्या दिवशी होता, म्हणून असेल असे मला वाटले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण त्या पोरानं बरोबर सांगितलं होतं की वो." आणि कूस बदलून झोपला. त्याच्या पहिलीच्या गुरुजींनी तो कन्नडमधून बोलला म्हणून त्याला उन्हात उभे केले होते, ही गोष्ट त्याने वर्षाच्या आरंभी एकदा सांगितली होती. मला ती त्या वेळी आठवली.

पुढचे दिवस लेखी परीक्षेच्या धांदलीत गेले. मेसची बाकी, निरोपसमारंभाची वर्गणी, एकमेकांच्या वह्यांतून पत्ते लिहून घेणे. महाविद्यालयातून दाखला हवा तर कोठेही देणे नाही अशा चिठ्ठ्या गोळा कराव्या लागत. या ग्रंथालयाची चिठ्ठी त्यांत आवश्यक नव्हती, तरी मी तिन्ही पुस्तके घेऊन आलो. ग्रंथपालांनी पाने चाळून पाहिली, अनामत परत केली आणि विचारले, "पाठ कसा झाला?" मी म्हणालो, "नीट मराठीत झाला." ते प्रसन्न झाले. त्यांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांना अभिप्रेत असलेले नीटपण आणि मी वर्गात वापरलेले नीटपण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण ते उमजण्याइतका मी शहाणा नव्हतो.

गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी मी त्या शाळेत गेलो. सुट्टी लागण्यापूर्वीचे शेवटचे दोन दिवस होते. मुलगा अंगणात सापडला. काय बोलावे ते मी ठरविले नव्हते. म्हणालो, "बिदरच्या मदरशाचे तू सांगितलेस ना, ते पुन्हा सांग पाहू." माझ्या मनात होते की तो आजीच्या भाषेत सांगेल, आणि मी शाबासकी देईन. तो ताठ उभा राहिला. हात मागे घेतले. म्हणाला, "आत बारूद ठेवली होती. वीज पडली आणि इमारत उडून गेली." 'ठेवली' आणि 'वीज' या दोन शब्दांवर त्याने अगदी माझ्यासारखा जोर दिला. मी शाबास म्हणालो. दुसरे म्हणण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर एकतीस वर्षे मी औराद आणि भालकी तालुक्यांतल्या शाळांतून शिकविले. प्रमाण मराठी शिकविले, आणि ते शिकविले पाहिजे याविषयी मला आजही संशय नाही. सीमेवरच्या मुलाला पुढे कोठेही जावयाचे तर ती भाषा हाती हवी, तशीच कन्नडही हवी. फक्त मूल बोलत असताना मधे बोलावयाचे नाही, एवढा एक नियम मी टाचणाबाहेर पाळला. दर वेळी पाळला गेला असे नाही.

त्या पाठाचे टाचण मी आज सोबत आणले आहे. शताब्दीच्या निमित्ताने जुने कागद जमा करीत आहोत, असे चिटणीसांनी पत्रात लिहिले होते, म्हणून ते ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो. वही जीर्ण आहे, शाई मात्र टिकली आहे. चौथ्या पानावर मनोऱ्याचा प्रश्न आहे. त्याच्यापुढे 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: 'विद्यार्थ्यांना सांगता येणार नाही. शिक्षक सांगेल.'