बुरसलेली पेंड



पावसाळ्यात घरोघर एक गोष्ट घडते. कोपऱ्यातलं पेंडीचं पोतं सोडावं, तर आत बुरा! हिरवट-पिवळा. वास कुबट. मग आपण म्हणतो, "पैसे पडलेत. माणूस नाही खात, पण म्हैस खाईल." याच बोलण्याविषयी आम्ही आज सांगणार आहोत.

सन १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. टर्की म्हणजे मोठ्या कोंबडीसारखा पक्षी. रोग कोणता, ते कळेना. शेवटी दोष निघाला खाद्यात. त्यात बुरसलेली भुईमुगाची पेंड होती. बुरशीने तिच्यात विष सोडले होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

आपल्या देशातही असे घडले. सन १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानातल्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. मका अवकाळी पावसात भिजला होता. तो नीट न वाळवताच साठवला होता.

या विषाने जनावराचे यकृत, म्हणजे काळीज, बिघडते. जनावर खात नाही, झडते, दूध आटते. विषाचा अंश दुधातही उतरतो. म्हशीपुढे टाकलेली पेंड अशी लेकराच्या वाटीत येते! दूध उकळले तरी विष जात नाही. पेंड वाळवली की वास जातो, पण विष मागे राहते.

बुरशीला ओल हवी आणि ऊब हवी. ऊब आपल्या हाती नाही. ओल आपल्या हाती आहे.

गावातली जुनी देवळं पाहा. दगडाची, तरी जोत्यावर उभी आहेत. मग आपलं पोतं भुईवर का? खाली फळ्या टाका. भिंतीपासून हातभर दूर ठेवा. मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला, तरच पोते भरा. पावसाळ्यात पेंड थोडीथोडी आणा. जुने पोते आधी संपवा. कडब्याच्या गंजीचा माथा उतरता शाकारा.

एवढे करूनही बुरा आला, तर मन घट्ट करा. ती पेंड पुरून टाका. कोंबड्यांनाही घालू नका. जनावर आजारी दिसले, तर पशुवैद्याला बोलवा आणि पेंडही दाखवा.

पोत्याचे पैसे बुडतील खरे. पण म्हैस वाचेल, आणि लेकराची वाटी चांगली राहील.