गाडीच्या मागून येणारा ‘हूंऽऽ’ आणि मोबाइलचा रेकॉर्डर

आजचा विषय कानाचा आहे, त्यामुळे इयरफोन लावूनच ऐका. फोर-बाय-फोर गाडीच्या मागून साठच्या स्पीडला ‘हूंऽऽ’ असा आवाज यायला लागला, तर तो डिफरेन्शियलचाच आहे हे ओळखायचं कसं? आणि मग करायचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तोवर कोडला हात लावायचा नाही. इथे तीच सवय उपयोगी पडली.

गाडी बाबांची, जुनी. आमची वस्ती साताऱ्याच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात शेवटचे चार किलोमीटर नुसता चिखल. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर हीच गाडी निघते. एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, ‘अख्खी असेंब्ली बदला.’ आकडा ऐकून बाबा म्हणाले, “अरे, एवढ्यात बैलजोडी येईल. विकून टाकू गाडी.” मी म्हटलं, बाबा, दोन दिवस द्या.

आधी आत काय असतं ते पटकन सांगतो. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगमध्ये एका लहान गिअरला फिरवतो, तो पिनियन. पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, आणि क्राऊनच्या आत स्टार पिनियन असतात. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, तो फरक हे स्टार पिनियन सांभाळतात. म्हणजे सरळ रस्त्यावर ते जवळजवळ कामच करत नाहीत. आवाज फक्त वळणावर येत असेल तर संशय त्यांच्यावर. सरळ जाताना येत असेल तर क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंग.

पण डिफरेन्शियल उघडण्याआधी बाकीच्यांना निर्दोष सोडायचं. पहिला संशयित टायर. डांबरावरून काँक्रीटवर गेलात आणि आवाज बदलला, तर बहुतेक टायरच. दुसरं व्हील बेअरिंग. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग बघा. तिसरं इंजिन आणि गिअरबॉक्स. साठचाच स्पीड ठेवून चौथ्यातून पाचव्यात टाका. इंजिनाचे फेरे कमी झाले, तरी सूर तसाच राहिला? मग आवाज गिअरबॉक्सच्या मागे आहे.

आता सगळ्यात कामाची टेस्ट. रिकामा सरळ रस्ता बघून त्याच स्पीडला तीन गोष्टी करा: ॲक्सिलरेटर दाबून ओढ द्या, मग पाय पूर्ण सोडा, मग स्पीड जेमतेम टिकेल एवढाच दाबा. ओढ देताना दातांची एक बाजू घासते, पाय सोडल्यावर दुसरी. यातल्या एकाच वेळी आवाज आला तर दात किंवा त्यांचं सेटिंग. तिन्ही वेळी घरघर असेल तर बेअरिंग. आमच्या गाडीत घरघर कायमची होती, आणि ओढ देताना वर एक स्वच्छ शिट्टीसारखा सूर यायचा. म्हणजे दोन्ही! हे थोडं गोंधळात टाकणारं होतं.

इथे मोबाइल काढला. काचा बंद, पंखा बंद, मित्र गाडी चालवतोय, मी रेकॉर्ड करतोय. स्पीड जीपीएसवरून घ्या, गाडीचा काटा सहसा जास्त दाखवतो. रेकॉर्डिंग फुकटातल्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये टाकलं. आता हिशोब बघा. टायरचा घेर 2.2 मीटर. साठच्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण 7.6 फेरे मारतं. क्राऊनला 43 दात, पिनियनला 10. म्हणजे सेकंदाला 7.6 गुणिले 43, साधारण 325 वेळा दात दातावर येतो. ॲपमध्ये टोक 320 ते 330च्या मध्ये! चाळीसला उत्तर 217 यायला हवं, आणि तेही तिथेच आलं. खरं सांगू, प्रॉडक्शनमधला बग सापडल्यावरही मी एवढा खूश होत नाही.

ओढ देताना येणारा हा सूर दातांचा आहे हे ठरलं. पण दात वाईट आहेत का दातांची जागा हलली आहे?

हे आलेख घेऊन आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. काकांनी आलेख बघितलाही नाही. गाडी लिफ्टवर घेतली, प्रॉपेलर शाफ्ट सोडला आणि पिनियनची फ्लँज धरून हलवली. किंचित वर-खाली. “हे बघ. हितं खेळ नको. बेअरिंग गेलंय, म्हणून पिनियन पळतोय आणि दात वराडतायत.” मला दोन दिवस लागले, काकांना दोन मिनिटं.

मग तेल काढलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेनचा सोडा. तेल सगळं वाहून गेलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी तिथेच बसते. ड्रेनच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर चालतं. कपच्या असतील तर नाही. आमचं तेल मात्र दूध जास्त पडलेल्या चहासारखं होतं. म्हणजे पाणी शिरलेलं.

पाणी शिरलं कुठून? हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जायला. आमचा चिखलाने बुजला होता. पळून तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. बाबा पावसाळाभर रोज ओढा पार करतात.

काकांनी दातांना रंग लावून क्राऊन फिरवून बघितला. दात शाबूत होते. नसते, तर क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, कारण ते एकमेकांशी जुळवलेले असतात. आमचं काम पिनियनची दोन्ही बेअरिंग, पाण्यात भिजलेली कॅरिअर बेअरिंग, सील आणि नवीन क्रश स्लीव्ह यावर भागलं. जुनी स्लीव्ह पुन्हा वापरू देऊ नका, ती एकदाच दबायला बनवलेली असते. शेवटी डायल गेज लावून दातांमधला खेळ मोजायचा. बऱ्याच एक्सलमध्ये तो 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. जो गेज न लावता ‘अंदाजाने’ सेटिंग करतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. तेल मॅन्युअलप्रमाणेच टाका. बहुतेक ठिकाणी जीएल-5 ग्रेड लागते, कारण हे दात फिरता फिरता एकमेकांवर घसरतातही.

आवाज चालवून घेतला असता तर? बेअरिंग फुटून पिनियन जाम झाला, तर चालत्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. खंबाटकीच्या उतारावर ते नको.

ब्रीदरला आम्ही रबरी नळी लावून तोंड वर, बॉनेटपर्यंत नेलं. सगळ्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम हे.

एक प्रश्न हमखास येतो: ‘फोर-व्हील टाकली की कोरड्या रोडवर वळताना गाडी अडखळते आणि टक्-टक् होतं, डिफरेन्शियल गेलं का?’ नाही. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र बांधले जातात, मधे डिफरेन्शियल नसतं. वळताना दोघांना वेगळं अंतर कापायचं असतं, ते टायर घसरल्याशिवाय जमत नाही. चिखलात घसरतात, कोरड्या डांबरावर नाही. टू-व्हीलमध्ये आणा, बस्स.

तुमच्या गाडीचा आवाज पाठवायचा असेल तर रेकॉर्डिंगसोबत तीन गोष्टी लिहा: जीपीएसचा स्पीड, गिअर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर होता का नाही.