तारखेच्या हंगामातील कारकून



ह्या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, दुकाने आणि कचेऱ्यांतील नोकरवर्गात तीस वर्षे वावरलेल्या माणसाचे चार शब्द म्हणून हे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

आपण आयकराचे रिटर्न भरण्यासाठी करसल्लागाराकडे जाता. त्याच्या टेबलामागे एक आतली खोली असते. तीत चार-पाच मुलेमुली संगणकासमोर बसलेली असतात. कोणी बी. कॉम. होऊन नोकरीला लागलेला, कोणी सी. ए. होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी, कोणी केवळ हंगामापुरता घेतलेला. कागदावरची सही आपल्याला दिसते; बेरजा कोणी जुळवल्या ते दिसत नाही. ह्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रथम सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडे पाहू. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत देशात ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. त्यांतली जवळजवळ ७० लाख एकट्या ३१ जुलैला आली, आणि त्या दिवशी संध्याकाळी सात ते आठ ह्या एका तासात ५ लाख ७ हजार. यंत्रणा एवढा भार पेलू शकली, ह्याचा सरकारला अभिमान वाटला, आणि तो रास्तही आहे. त्यांत घरी बसून स्वतःचे रिटर्न भरणारेही पुष्कळ असतील. तरीही, संध्याकाळी सात वाजता किती कचेऱ्यांतले दिवे जळत होते आणि त्यांतल्या किती जणांना त्या तासाची मजुरी मिळाली, हा प्रश्न माझ्या मनात येतो. त्याचा आकडा कोणी प्रसिद्ध केलेला नाही.

ही गर्दी होते कशी? तिला तीन कारणे आहेत.

पहिले कारण तारखांच्या रचनेत आहे. वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून चार महिने हाती आहेत असे वाटते. परंतु पगारदाराचा फॉर्म १६ मालकाने द्यायचा, त्याची मुदत १५ जून. म्हणजे अडीच महिने कागदाची वाट पाहण्यात गेले. उरले सहा-साडेसहा आठवडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून महिन्याच्या ११ आणि २० तारखांचे कामही ह्याच टेबलांवर येऊन पडते.

दुसरे कारण आपण स्वतः. जुलैचे तीन आठवडे आपण निर्धास्त असतो, आणि शेवटच्या आठवड्यात पासबुके, विम्याच्या पावत्या, भाड्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत कोंबून कचेरीत नेऊन देतो. वर म्हणतो, "आजच करून टाका हो, पाच मिनिटांचे तर काम!"

तिसरे कारण म्हणजे माणसांचा हिशेब. फेब्रुवारीच्या कामाला पुरतील एवढीच माणसे ठेवायची आणि जुलैचे काम त्यांच्याकडूनच उरकायचे, ही पद्धत पडून गेली आहे. ज्यादा माणसांऐवजी ज्यादा तास! सी. ए. च्या कचेऱ्यांची भिस्त आर्टिकल विद्यार्थ्यांवर असते. त्यांचे तास नियमात आठवड्याला ३५ धरलेले आहेत. २०२३ च्या जुलैपासून नव्या योजनेत त्यांची उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु काम शिकून तयार झालेला तिसऱ्या वर्षाचा हात कचेरीतून गेला, आणि त्याचा भार उरलेल्यांवर आला.

आता कोणी म्हणेल, सरकार मुदत वाढवते ना? २०२५ साली काय झाले ते आठवा. त्या वर्षी ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर नेली, आणि १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस दिला. करदाता सुखावला. कचेरीत मात्र जुलैचा हंगाम गणपतीत शिरला. २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंतचतुर्दशी, आणि मुले विवरणपत्रांवर. ते संपते न संपते तोच व्यापाऱ्यांच्या टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर समोर उभी. तीही पुढे गेली ३१ ऑक्टोबरवर, म्हणजे दिवाळीचे दिवसही कामाच्या टाचेखाली. मुदत वाढते तेव्हा हंगाम लांबतो; माणसे तेवढीच राहतात.

हंगाम असतो म्हणून असे व्हायचेच, हे मला मान्य नाही. आपल्या महाराष्ट्रात हंगामाचा सर्वांत मोठा धंदा साखरेचा. गळीत सुरू झाले की कारखाना रात्रंदिवस चालतो, उसाला थांबवता येत नाही. पण तेथे तीन पाळ्या असतात. गव्हाण चोवीस तास फिरते, गव्हाणीवरचा कामगार आठ तासांनी बदलतो. गळीत संपल्यावर कायम हंगामी कामगाराला बंद काळासाठी पगाराचा ठरावीक हिस्सा रिटेन्शन भत्ता म्हणून मिळतो. पुढच्या वर्षी हाच कसबी माणूस लागणार, ही त्यामागची जाणीव. हे संघटनेने झगडून मिळवले. तारखेच्या कचेरीत पाळी नाही आणि भत्ताही नाही. हंगामापुरत्या घेतलेल्या मुलाला बहुधा नेमणुकीची चिठ्ठीसुद्धा नसते.

कायदा काय म्हणतो? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडलेल्या सुधारणेतून १९४६ साली कारखान्यांचा आठवडा ४८ तासांचा झाला. कचेरीतला कारकून मागाहून आला. १९७७ च्या दुरुस्तीने आपल्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात हिशेबनीस आणि करसल्लागार ह्यांच्या कचेऱ्यांचा स्पष्ट उल्लेख झाला. २०१७ चा नवा कायदा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, ज्यादा कामाला दुप्पट मजुरी, आणि तीन महिन्यांत १२५ तासांहून अधिक ज्यादा काम नाही, असे सांगत आला. परंतु तासांची ही कलमे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर, रोजचे तास दहावर आणि ज्यादा तास १४४ वर नेण्यास मंजुरी दिली. आपल्या गावच्या करसल्लागाराकडे वीस माणसे असतात का, हे आपणच सांगा. १९७७ साली उघडलेले दार लहान कचेऱ्यांपुरते पुन्हा लावले गेले.

समजा, एखादी मुलगी सकाळी दहाला येते आणि रात्री अकराला जाते. जेवणाचा तास वजा करून बारा तास. सहा दिवसांचे ७२. म्हणजे ४८ वर २४ जादा. १२५ तासांची पूर्वीची तिमाही मर्यादा सहाव्या आठवड्यातच संपली असती. आणि रात्री अकराला ती घरी कशी जाते, ह्याची चौकशी कोणी करीत नाही.

मालकावर मी एकतर्फी आरोप करीत नाही. लहान गावातला करसल्लागार गिरणीमालक नव्हे. तोही त्याच खोलीत जागतो, आणि फी मागितली की आपण घासाघीस करतो. शिवाय ही मुले संघटनेत येत नाहीत. आज ना उद्या आपणही पाटी लावू, ह्या आशेवर ती रात्री काढतात. ती आशा चांगली आहे. पण पाटी लावणाऱ्यांहून न लावणारे अधिक, आणि चाळिशीतही त्याच खुर्चीवर बसलेले कारकून मी पाहिले आहेत. शिणलेल्या डोळ्यांनी एक आकडा चुकला की नोटीस तुमच्या घरी येते, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. तासांचा कायदा माणसे मोजून लावू नये. पाच माणसांच्या कचेरीतही दिवस चोवीस तासांचाच असतो. १५ जूनपासून हंगामाचे हात लेखी नेमणुकीने घ्यावेत आणि कामाच्या पाळ्या लावाव्यात. हजेरीत जाण्याची खरी वेळ लिहावी, ज्यादा तासांची मजुरी द्यावी. सरकारने फॉर्म एप्रिलमध्येच तयार ठेवावेत, आणि मुदत वाढवायचीच असेल तर ती शेवटच्या रात्री जाहीर करू नये. करसल्लागारांनी जूनमध्ये कागद आणणाऱ्याला फी थोडी कमी करावी. गर्दी आपोआप विरळ होईल.

आणि आपण, श्रोतेहो, ह्यांतला आपला वाटा उद्यापासून उचलू शकता. त्याला कायदा लागत नाही. कागद हाती येताच आठ दिवसांत नेऊन द्या. देताना आतल्या खोलीत डोकावून त्या मुलांना विचारा, काल किती वाजता घरी गेलात? विचारणारा कोणी आहे एवढे कळले, तरी मालकाचे लक्ष घड्याळाकडे जाईल.