रंगवलेला दगड आणि न मोजलेले तास

(स्त्रियांच्या एका गटाने घेतलेल्या दगड रंगवण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराच्या समारोपात केलेले भाषण.)

दोन दिवस आपण सगळ्याजणी मिळून दगड रंगवले. समोर सतरंजीवर ते मांडले आहेत. कासवं आहेत, बेडूक आहेत, कुंडीत खोचायला झाडांची नावं लिहिलेले गोटे आहेत. एकीने तर पावावर चढवतात तसा चटणी लावलेला वडा केलाय, हात पुढे होतो.

काल चहाच्या वेळी एकीने विचारलं, "ताई, याचे पैसे किती मिळतात?" शेजारची पटकन म्हणाली, "अगं, फावल्या वेळचा छंद तो, त्यात पैसे कसले बघायचे?" मला या दोन वाक्यांवरच बोलायचं आहे. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की त्याचा म्हसोबा होतो, आणि त्याच्यापुढे पैसे ठेवले जातात. बाईने रंग लावला की तीच 'शोभेची वस्तू' होते आणि पैशांचं विचारायचं नसतं. असं का?

आधी कामाचं दोन शब्दांत सांगते, कारण पुढचा हिशेब त्यावरच उभा आहे. आपला काळा दगड दोन प्रकारचा मिळतो. एक गुळगुळीत, पाण्याने घासलेला. दुसरा बारीक भोकं असलेला. भोकांचा दगड रंग पितो आणि रेघ फुटते, म्हणून गुळगुळीतच घ्यायचा. नदीच्या कडेला सुटे पडलेले चार गोटे उचलायचे, पात्र उकरायचं नाही. साबण आणि ब्रशने शेवाळ काढायचं. मग तो पूर्ण वाळू द्यायचा. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात आठवडासुद्धा. खाली पांढऱ्या रंगाचा हात, त्यावर पेन्सिलीने आकार, मग ॲक्रिलिक रंग, आणि शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. बागेत ठेवताना खाली वाळूचा थर घालायचा, म्हणजे ओल बुडातून चढत नाही.

रंगांबद्दल एक सावधगिरी. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागेल अशा दगडावर तो वापरू नका. भिंती-दारांच्या तैलरंगातही पूर्वी शिसं भरपूर असे. २०१६ साली केंद्र सरकारने नियम करून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घातली आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. म्हणून माळ्यावरचा जुना डबा उघडून त्यातला रंग वापरायचा नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेच्या मालकांनी मला ६० दगडांची ऑर्डर दिली. दगडाला ४० रुपये. मला हर्ष झाला. माझ्या हाताला कुणी भाव दिला होता! एक दगड धुण्यापासून वॉर्निशपर्यंत माझा साधारण दीड तास घ्यायचा. रंग, वॉर्निश, ब्रश, रिक्षाभाडं मिळून दगडामागे १२ रुपये जायचे. हे सगळं मी नंतर मांडलं. तेव्हा मी फक्त ६० गुणिले ४० एवढंच केलं होतं, २,४०० रुपये.

दिवस जुलैचे होते. मुदत जवळ आली म्हणून मी पुरते न वाळलेले दगड रंगवले. महिनाभरात १४ दगडांचे पापुद्रे निघाले आणि ते परत आले. ५६० रुपये कापले गेले. ती चूक माझीच होती, दगडाची ओल मला कळायला हवी होती. पण पावसाळ्यात एवढी मुदत पुरणार नाही हे आधी बोलायचं असतं, माल परत आला तर काय करायचं हे लिहून ठेवायचं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं? त्याच दुकानात माझा दगड १२० रुपयांना विकला जात होता, हे मी पैसे आणायला गेले तेव्हा चिठ्ठीवर वाचलं.

हिशेब असा. २,४०० मधून सामानाचे ७२० गेले, परत आलेल्याचे ५६० गेले. उरले १,१२०. काम ९० तासांचं. तासाला साडेबारा रुपयेसुद्धा पडले नाहीत.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. त्या ९० तासांत आमच्या घरी पोळ्या कुणी लाटल्या? सासूबाईंनी. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते. आणि दगड कुणी धुतले? माझ्या मुलीने, ती सातवीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून बादलीशी बसायची. मुलाला मी एकदाही हाक मारली नाही. स्त्रियांच्या श्रमांवर बैठकांतून बोलणारी मी! आमच्या घरात तीन बाया राबत होत्या, आणि मी सगळ्यांना सांगत होते की फावल्या वेळात करते. फावला वेळ म्हणजे दुसऱ्या बाईचा वेळ असतो, हे मला त्या ऑर्डरने शिकवलं.

घरी बसून केलेलं काम हे काम आहे, हे म्हणायलासुद्धा बायकांना लढावं लागलं आहे. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तेव्हा घरी विड्या वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभी केली, तेव्हा घरकामगारांचा आणि फेरीवाल्या बायकांचा प्रश्न तिने हाती घेतला. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली 'श्रमशक्ती' हा अहवाल दिला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुसऱ्यासाठी मोबदल्यावर घरातून काम करणाऱ्यांच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्या करारावर आपल्या देशाने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. वारली लग्नात भिंतीवर चौक काढायचं काम सुवासिनींचं. मिथिलेतही भिंती रंगवायच्या त्या बायकांनीच. १९६०च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा भास्कर कुलकर्णी यांनी मिथिलेत जाऊन बायकांच्या हाती कागद दिला. कागद विकता येतो, त्यावर नाव घालता येतं. १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. वारली चित्रं कागदावर आली ती १९७०च्या दशकात, आणि त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव झालं जिव्या सोमा मशे यांचं, एका पुरुषाचं. ते थोर चित्रकार होते, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. प्रश्न त्यांना नाही. प्रश्न एवढाच, की पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या त्या सुवासिनींची नावं आपल्यातल्या किती जणींना सांगता येतील?

म्हणून आज घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. एक, वही. दगडामागे किती वेळ गेला, सामान कितीचं लागलं, आणि तेवढा वेळ घरातलं काम कुणी केलं, हे तीन रकाने आखा. तिसरा रकाना नवऱ्याला आणि मुलाला दाखवा. दोन, ऑर्डर घेताना भाव, मुदत आणि परत आलेल्या मालाचं काय, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. शक्य तर चार-पाच जणींनी मिळून भाव ठरवा, म्हणजे एकीला पाडून दुसरीकडून स्वस्तात घेता येणार नाही. तीन, दगड उलटा करा आणि बुडाला आपलं नाव लिहा. वॉर्निशच्या आत लिहा, म्हणजे पुसणार नाही.

आणि सगळंच विकायला हवं असं नाही हं. हातात ब्रश धरला की तास-दोन तास कुणाची हाक ऐकू येत नाही, ते सुखही आपल्या हक्काचंच आहे. त्याला छंद म्हणा, खुशाल म्हणा. मात्र तो छंद आहे की काम, हे आपण ठरवायचं. भाव पाडणाऱ्याने ठरवायचं नाही.

माझ्या त्या १४ दगडांपैकी एक मी ठेवला आहे. पापुद्रे खरवडून, नीट वाळवून पुन्हा रंगवला. रंग माझ्या मुलीने दिला. दगड धुतला तिच्या भावाने. बुडाला दोघांची नावं आहेत.