हंगामाच्या मध्यावर बचावपटू आणावा का?



नरसीच्या नामदेवांवर, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर, वसमतच्या हळदीवर आपल्या हिंगोलीत व्याख्यानं होतात आणि ती व्हायलाच हवीत. त्याच मंचावर फुटबॉलच्या बचावफळीवर तासभर बोलण्याची परवानगी मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा मनापासून आभारी आहे. समोर बसलेल्या शाळकरी मुलांमध्ये काही जण बूट घालूनच आलेले दिसतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न असा आहे. एखादा संघ जेतेपदाच्या शर्यतीत आहे. अर्धा हंगाम झाला आहे. गोल होत आहेत, पण मागची फळी गळते आहे. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदीची खिडकी उघडते. अशा वेळी बाहेरून बचावपटू आणावा, की आहे त्यांच्यावरच भिस्त ठेवावी?

आपल्याच राज्यातल्या संघापासून सुरुवात करतो. 20 डिसेंबर 2023 च्या रात्री अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला, सामना झाला. मुंबईनं तो 2-1 असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती लाल कार्डं. एका सामन्यात सात! मुंबईच्या चौघांना कार्ड मिळालं: आकाश मिश्रा, ग्रेग स्ट्युअर्ट, विक्रम प्रताप सिंग आणि राहुल भेके. यातले मिश्रा आणि भेके हे दोघे बचावफळीतले. चारच दिवसांनी कोचीत केरळ ब्लास्टर्ससमोर मुंबईला विस्कळीत संघ घेऊन उतरावं लागलं आणि सामना 0-2 असा गेला. त्याच सुमारास प्रशिक्षकही बदलले होते. डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. जानेवारीत स्ट्युअर्टनंही संघ सोडला. जेतेपदाच्या शर्यतीतला संघ एका महिन्यात किती उसवू शकतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या जानेवारीत मुंबईनं सीरियाचा आंतरराष्ट्रीय बचावपटू थाएर क्रूमा याला करारबद्ध केलं. हंगामाच्या मध्यावरच याकुब वोयतुश हा स्लोव्हाकियाचा आघाडीपटूही आला. पण क्रूमा आला म्हणून मुंबईनं मागची फळी मोडून नव्यानं बांधली नाही. स्पेनचा तिरी, पंजाबचा मेहताब सिंग, मुंबईचा राहुल भेके हा कणा जागेवरच राहिला. नवा माणूस त्या कण्याला आधार म्हणून आला.

पुढे काय झालं ते आकड्यांतच सांगतो. 15 एप्रिल 2024 ला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध बरोबरी झाली असती तरी साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड मुंबईकडे आली असती. मुंबई 1-2 अशी हरली. 22 सामन्यांनंतर मोहन बागानचे गुण 48, मुंबईचे 47. एका गुणानं शील्ड हुकली. मग बाद फेरीत गोव्याला हरवून मुंबई अंतिम सामन्यात गेली आणि 4 मे रोजी त्याच कोलकात्यात, त्याच मोहन बागानला 3-1 असं हरवून तिनं चषक उचलला. पहिला गोल खाल्ल्यानंतर! तिसरा गोल वोयतुशचा होता. हंगामाचा उत्कृष्ट गोलरक्षक ठरला मुंबईचाच फुर्बा लाचेन्पा. माझ्या मते गोलरक्षकाला मिळणाऱ्या त्या बक्षिसात त्याच्यासमोरच्या चौघांचाही वाटा असतो.

या एका उदाहरणावरून बचावपटू आणावाच, असं मी म्हणणार नाही. त्याआधी बचाव म्हणजे नेमकं काय, ते पाहायला हवं, आणि ते हिंगोलीत समजावणं सोपं आहे, कारण इथल्या प्रत्येक गावाला कबड्डी ठाऊक आहे.

चढाईपटू एकटा जातो. त्याचं यश, त्याचं अपयश त्याच्या दमावर आणि पायांवर असतं. पकड करणारा मात्र कधीच एकटा नसतो. डाव्या कोपऱ्यातल्यानं घोट्याला हात घातला की मध्यरक्षकानं त्याच क्षणी अंगावर यायचं असतं. तो अर्धा श्वास उशिरा आला तर पकड सुटते, गुण जातो आणि कोपऱ्यातला बाहेर बसतो. साखळीतल्या दोघांनी एकमेकांच्या मनगटाची ओढ ओळखायची असते. ही ओळख महिनोन्‌महिने एकत्र खेळून होते.

फुटबॉलमध्येही तसंच आहे. मधल्या दोन बचावपटूंपैकी एक चेंडूवर पुढे जातो, तेव्हा दुसऱ्यानं मागची जागा झाकायची. ऑफसाइडसाठी चौघांनी एका रेषेत पुढे सरकायचं. तिघे सरकले आणि चौथा दोन पावलं मागे राहिला, तर समोरचा आघाडीपटू नियमात बसतो आणि थेट गोलरक्षकासमोर उभा राहतो. चौथा माणूस कितीही गुणी असला तरी तो काल आलेला असेल, तर ही दोन पावलं हमखास मागे राहतात. म्हणूनच आघाडीपटू विकत घेणं आणि बचावपटू विकत घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. नवा आघाडीपटू पहिल्याच सामन्यात गोल करू शकतो. नव्या बचावपटूला आधी शेजाऱ्याचा स्वभाव शिकावा लागतो.

प्रो कबड्डीतली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. दहाव्या हंगामाच्या लिलावात सर्वांत महागडा ठरला चढाईपटू पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सनं त्याला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं आणि तो संघ शेवटच्या, बाराव्या क्रमांकावर राहिला. पुणेरी पलटननं इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. हा डाव्या कोपऱ्याचा बचावपटू. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्यानं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं जेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावात शादलुई त्याच हरियाणाकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 ला हरियाणा विजेता ठरला. दोन हंगाम, दोन संघ, दोन जेतेपदं. पवनच्या गुणवत्तेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण बचावावर लावलेला पैसा काय देतो, ते इथं दिसतं. आणि हेही पाहा, शादलुई दोन्ही वेळा हंगाम सुरू होण्याआधी आला होता. सराव शिबिर, पहिले सामने, सुरुवातीच्या चुका, सगळं त्याला सहकाऱ्यांबरोबर करता आलं. हंगामाच्या मध्यावर येणाऱ्याला ही सवड मिळत नाही.

ती सवड नसली की काय होतं, ते मँचेस्टर युनायटेडनं जानेवारी 2006 मध्ये पाहिलं. त्यांनी एकाच महिन्यात दोन बचावपटू आणले: सर्बियाचा नेमान्या विदिच आणि फ्रान्सचा पॅट्रिस एव्रा. एव्रा पहिल्यांदा खेळला तो मँचेस्टर सिटीविरुद्ध. मध्यंतरालाच त्याला बाहेर काढावं लागलं आणि सामना 1-3 असा गेला. त्या दिवशी ही खरेदी फसली, असं कोणीही म्हटलं असतं. पण 2007, 2008 आणि 2009 अशी लागोपाठ तीन वर्षं लीगचं जेतेपद आणि 2008 चा चॅम्पियन्स लीगचा चषक, हे सगळं या दोघांच्या पायांवर उभं राहिलं.

लिव्हरपूलकडे दोन जानेवारी महिने आहेत आणि ते शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. 2018 च्या जानेवारीत त्यांनी साडेसात कोटी पौंड मोजून व्हर्जिल व्हॅन डाइक आणला. त्या वेळी बचावपटूसाठी मोजलेली ती जगातली सर्वांत मोठी रक्कम होती. एव्हर्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यानं विजयी गोल केला, पण त्या हंगामात चषक आला नाही. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल रेआल माद्रिदकडून 1-3 असं हरलं. चषक आला 2019 मध्ये आणि लीगचं जेतेपद 2020 मध्ये, 30 वर्षांनी. दुसरा जानेवारी 2021 चा. व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावून बसला होता, जो गोमेझ त्याच्या पाठोपाठ, मग जोएल मातिप. खिडकी बंद होण्याच्या शेवटच्या दिवशी धावपळ करून दोन बचावपटू आणले. ओझान कबाक काही सामने खेळला, बेन डेव्हिस एकही अधिकृत सामना खेळला नाही. हंगामाच्या शेवटी संघाला तिसऱ्या क्रमांकावर नेणाऱ्या सामन्यांत मागे उभे होते नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स, म्हणजे संघाच्याच तालमीतली दोन पोरं.

माझा निष्कर्ष इथून निघतो. 2018 ची खरेदी पुढच्या पाच वर्षांसाठी होती, ती फक्त जानेवारीत झाली. 2021 ची खरेदी फक्त उरलेल्या चार महिन्यांसाठी होती.

थोड्या काळासाठी केलेली खरेदी कधी कधी फळतेही, पण तिची किंमत असते. त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं ज्याला फुटबॉल म्हणतात तो हातात चेंडू घेऊन खेळायचा वेगळाच खेळ. तिथं खेळाडू विकत घेण्याऐवजी बहुधा अदलाबदलीनं मिळवतात आणि बदल्यात पुढच्या वर्षांतले नवे खेळाडू निवडण्याचे हक्क द्यावे लागतात. लॉस एंजेलिस रॅम्सनं 2021 च्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, असे दोन हक्क देऊन व्हॉन मिलर हा नामांकित बचावपटू घेतला. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी सुपर बोल 23-20 असा जिंकला आणि मिलरचा त्यात मोठा वाटा होता. महिन्याभरानं तो दुसऱ्या संघाकडे गेला. पुढच्या हंगामात रॅम्सनं 17 पैकी 12 सामने गमावले. त्याला केवळ ही अदलाबदल जबाबदार होती, असं नाही. दुखापतीही खूप होत्या. पण उद्याचं देऊन आजचं घेतलं, हे खरंच आहे. एका जेतेपदासाठी ही किंमत मोजावी का? शहराला आयुष्यभर पुरणारी आठवण मिळत असेल, तर मी हो म्हणेन. मात्र ती मोजताना डोळे उघडे हवेत.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण थोडक्यात. 2022-23 च्या हंगामाच्या मध्यावर मोहन बागाननं माँटेनेग्रोचा बचावपटू स्लाव्को दाम्यानोविच आणला. तिरी, जो पुढे मुंबईला आला, तो तेव्हा मोहन बागानकडे होता आणि गंभीर दुखापतीनं बाहेर होता. मधली जागा खरोखर रिकामी होती. मार्च 2023 मध्ये फातोर्ड्याला बंगळुरूविरुद्ध पेनल्टींवर त्यांनी चषक जिंकला.

म्हणून मी कोणत्याही संघाला दोन गोष्टी विचारीन. जागा रिकामी आहे, की माणूस असूनही चुका होतात? दुखापत झाली, बंदी आली, कोणी संघ सोडला, तर जरूर आणा, आणि खिडकीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पण माणसं तीच असून गोल होत असतील, तर दोष बहुधा मधल्या फळीत, दमात किंवा सरावात असतो, आणि बाहेरून आलेला पाचवा माणूस तो दोष दुरुस्त करत नाही. 2024 च्या उपांत्य सामन्यात गोवा 90 व्या मिनिटापर्यंत 2-0 असा पुढे होता. पुढच्या सहा-सात मिनिटांत मुंबईनं तीन गोल केले, छांगटेनं दोन आणि विक्रम प्रतापनं एक. गोव्याचा बचाव हंगामभर उत्तम होता. त्या मिनिटांतली पडझड बाजारातून माणूस आणून टळली असती, असं मला वाटत नाही. दुसरा प्रश्न: येणारा माणूस पुढच्या वर्षीही असणार आहे का? असेल तर सुरुवातीच्या पराभवांना घाबरू नका.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल वाटले गेले आणि दहा लाख मुलांना एकाच दिवशी खेळवायचा कार्यक्रम झाला. चेंडू गावोगाव पोचले. पण आपल्या शालेय संघांना जानेवारीची खिडकी नाही. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा किंवा हिंगोलीच्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेला निघतो, तेव्हा बसमध्ये जे चढले तेच खेळणार. मधला बचावपटू पाय मुरगळून बसला तर त्याच्या जागी कोण, याचं उत्तर त्या मुलांमध्येच असावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा नसतं. कारण सरावात प्रत्येकाला गोल मारायचा असतो. मागे कोण उभं राहतं? जो नवखा, जो जाड, ज्याला पळवत नाही, तो. चुकीची सुरुवात इथं होते. मागे उभा राहणारा मुलगा सगळं मैदान पाहतो, सर्वांशी बोलतो, संघाचा अंदाज त्याला सर्वांत आधी येतो. सर्वांत समजदार मुलाला तिथं उभं करायला हवं.

राहुल भेके मुंबईचा मुलगा आहे, बचावपटू आहे. 2019 च्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत बंगळुरूसाठी विजयी गोल त्यानंच केला. 11 एप्रिल 2022 ला रियाधमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या हवाई दलाच्या संघाला 2-1 असं हरवलं, तेव्हाही विजयी गोल त्याचाच होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. आपल्या मुलांना मेस्सी, रोनाल्डो पाठ आहेत. भेकेचं नाव त्यांना शिक्षकांनी सांगावं.

इथं बसलेल्या क्रीडाशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. सर्वाधिक गोल करणाऱ्याला तुम्ही करंडक देता, तेवढ्याच उंचीचा करंडक यंदापासून उत्कृष्ट बचावपटूला द्या. आणि संघाच्या यादीत मधल्या बचावासाठी दोन नव्हे, चार मुलं तयार ठेवा. त्या चौघांना जोड्या बदलून आठवड्यातून निदान एकदा एकत्र खेळवा.