नौवहनाची परिभाषा आणि सुरक्षितता
(भाषणाचा मजकूर)



कलघटगी हे समुद्रकाठचे गाव नव्हे. तथापि हुबळीहून अंकोल्याकडे जाणारा हमरस्ता याच गावावरून जातो व सह्याद्री उतरून सागरतीर गाठतो. कारवारनजीक २००५ साली 'कदंब' हा नौदलाचा तळ कार्यान्वित झाला. या भागातील तरुणास जहाजावर अथवा गोदीत काम करण्याची संधी लाभली, तर त्याची पहिली गाठ पडते ती तेथील परिभाषेशी. ही परिभाषा म्हणजे केवळ विद्वत्तेचा विषय नसून तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूस 'स्टारबोर्ड' म्हणतात. डाव्या बाजूस पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत. वादळाच्या घोंगावण्यात हे दोन शब्द सारखेच ऐकू येत. म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने 'लारबोर्ड' हा शब्द रद्द करून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला.

सुकाणूच्या आज्ञांचीही तीच कथा. पूर्वी आज्ञा दिली जाई ती सुकाणूच्या दांड्याला उद्देशून. दांडा उजवीकडे नेला की जहाज डावीकडे वळे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनग दिसताच 'टायटॅनिक'वर 'स्टारबोर्ड'ची आज्ञा सुटली, ती जहाज डावीकडे वळविण्यासाठी. या उलट अर्थामुळे घोटाळ्यास वाव राहतो, हे ओळखून लंडन येथे १९२९ साली झालेल्या सागरी सुरक्षिततेच्या करारात, जहाज ज्या बाजूस वळवावयाचे त्याच बाजूचे नाव आज्ञेत असावे, असे ठरले. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवरील संभाषणासाठी इंग्रजीतील प्रमाण वाक्ये स्वीकारली.

आपल्या किनाऱ्यास ही शब्दसंपत्ती नवी नाही. नांगर, शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हे, नाळ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. मोठ्या भरतीला 'उधाण' आणि लहान भरतीला 'भांग' म्हणणारा कोळी पंचांगातील तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या गुराबेवरून इंग्रजीत 'ग्रॅब', तांडेलावरून 'टिंडल' आणि सारंगावरून 'सेरँग' हे शब्द रूढ झाले. खलाशांची भाषा समजल्यावाचून जहाज चालत नाही, हे ओळखून लेफ्टनंट टॉमस रोबक यांनी इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक शब्दकोश रचला व तो १८११ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला.

मग परिभाषा शिकवावी कशी? प्रथम, रूढ शब्द असेल तेथे नवा घडवू नये. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेस 'बोया' हे नाव सर्व किनाऱ्यास ठाऊक आहे. त्याऐवजी एखादा जडबोजड शब्द योजल्यास तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभेल, परंतु नाखव्यास उमगणार नाही. दुसरे, बॉयलर, पिस्टन, प्रोपेलर, शाफ्ट हे कामगारांच्या तोंडी बसलेले शब्द जसेच्या तसे घ्यावेत. तिसरे, एका वस्तूस एकच नाव असावे. चौथे, जहाजावरील प्रमाण आज्ञा मूळ इंग्रजी रूपातच पाठ कराव्यात, मात्र त्यांचा अर्थ मातृभाषेतून समजावून द्यावा.

शिक्षकांना याकामी उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कलघटगीचे रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. नवे जहाज ज्या आधारचौकटीवर बसवून पाण्यात सोडतात, तिलाही इंग्रजीत पाळण्याचाच शब्द आहे. भार तोलून धरणे हे दोन्ही पाळण्यांचे काम. हे एवढे सांगितले की सुताराच्या मुलास तो शब्द पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांनी मिळून अशा शब्दांची सचित्र यादी शाळाशाळांतून लावावी. कोणत्या शब्दावर कोणती कृती करावयाची, हे घरूनच शिकून गेलेला तरुण जहाजावर स्वतःस आणि सोबत्यांस अपघातापासून वाचवू शकेल.